बाहेर जा आणि विचार करून या

मागच्या अंकात सुरुंगपट्ट्यांवर लिहिताना सोव्हिएत सेनापती कॉन्स्टँटिन रोकोसोव्स्कीचं नाव एका वाक्यात येऊन गेलं. त्यावर आलेली पत्रं पाहून वाटलं, सुरुंग बाजूला ठेवून माणसावरच लिहायला हवं होतं. पाच पत्रं घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही.

प्रश्न : कर्नलसाहेब, एका व्हिडिओत ऐकलं की बेलारूसच्या मोहिमेची आखणी चालू असताना स्टॅलिनने रोकोसोव्स्कीला तीन वेळा खोलीबाहेर पाठवलं, "विचार करून या" म्हणून, आणि तिन्ही वेळा तो तेच उत्तर घेऊन परत आला. काही वर्षांपूर्वी ज्याचे तुरुंगात दात पाडले, तो माणूस स्टॅलिनसमोर असा उभा राहील हे पटत नाही. यात खरं किती? — एक वाचक, बँकेतून निवृत्त

आधी तीनाचं दोन करू. खुद्द रोकोसोव्स्कीने आपल्या आठवणींत दोनदा असं लिहिलंय. तिसरी खेप, आणि शेजारच्या खोलीत स्टॅलिनचे निकटचे सहकारी मोलोतोव्ह आणि मालेन्कोव्ह येऊन "कोणाशी वाद घालताय, कळतंय का?" असं दटावतात तो प्रसंग, हे सगळं गोष्ट सांगणाऱ्यांच्या तोंडी वाढत गेलेलं आहे. आता दोनदा तरी खरं का, ते पुढे बघू. आधी वाद कशावर होता ते सांगतो, कारण व्हिडिओवाल्यांना बाणेदारपणा दिसतो, नकाशा दिसत नाही.

मे १९४४, तारीख २२ आणि २३, मॉस्को. रोकोसोव्स्कीकडे पहिला बेलोरशियन फ्रंट होता. (फ्रंट म्हणजे नुसती आघाडी नव्हे. सोव्हिएत भाषेत तो अनेक आर्मींचा मिळून एक हुकूमती गट.) समोर बॉब्रुइस्क, तिथे जर्मनांची ९ वी आर्मी. वरच्यांचं म्हणणं सरळ होतं : मुख्य घाव एकच असावा आणि तो रोगाचेव्हच्या बाजूने, पूर्वेकडून घालावा. ताकद वाटून टाकू नये, हा लष्करी शाळेतला पहिला धडा. रोकोसोव्स्की म्हणाला, घाव दोन, आणि दोन्ही मुख्य. एक रोगाचेव्हकडून, गोर्बातोव्हची ३ री आर्मी आणि तिच्यासोबत ४८ वी. दुसरा दक्षिणेला पारिचीकडून, बातोव्हची ६५ वी आणि लुचिन्स्कीची २८ वी. दोन्ही हात बॉब्रुइस्कच्या मागे जाऊन मिळणार.

हट्ट म्हणून नव्हे. रोगाचेव्हच्या बाजूला जागाच नव्हती. नदी ओलांडायची, काठ ओलसर, आणि जर्मनांची सगळ्यात पक्की मोर्चेबंदी तिथेच. चिंचोळ्या जागेत चार आर्मी कोंबल्या की पुढची लढते आणि मागच्या तीन रस्त्यावर रांग लावून उभ्या राहतात. दक्षिणेला मात्र दलदल. तिथून रणगाडे येणार नाहीत असं जर्मनांनी गृहीत धरलं होतं.

मी सॅपर. नोकरीची वर्षं पूल बांधण्यात आणि सुरुंग काढण्यात गेली. त्यामुळे या मोहिमेत मला स्टॅलिनच्या खोलीपेक्षा ती दलदल जास्त खुणावते. सैनिकांनी वेताच्या फांद्या विणून दलदलीत चालायचे जोडे केले. त्यांना 'मोक्रोस्तुपी' म्हणत. लाकडाचे तराफे केले. माणसांना मागच्या नद्यांवर आणि तळ्यांवर नेऊन पोहायला शिकवलं, दलदलीत दिशा धरून चालायला शिकवलं. प्रत्येक रणगाड्यावर फांद्यांच्या मोळ्या, ओंडके आणि रुंद चर ओलांडायला लाकडाचे त्रिकोण लादले. आणि ओंडक्यांचे रस्ते टाकले. ते कसे, हे सांगायचा मोह आवरत नाही.

आधी लांबीच्या दिशेने जाड ओंडके चिखलात निजवायचे. त्यावर आडवे ओंडके एकाला एक खेटून, फट न ठेवता. दोन्ही कडांना वरून पुन्हा लांब ओंडका, आणि तो तारेने किंवा खुंट्यांनी खालच्याशी आवळायचा. ऐकायला सोपं. मी स्वतः असा रस्ता टाकलाय. पहिली गाडी झकास जाते. दहाव्या गाडीपर्यंत कडेची बांधणी सैल होते आणि ओंडके पेटीच्या पट्ट्यांसारखे वर-खाली व्हायला लागतात. एक निसटला की चाक अडकतं, मागची सगळी रांग थांबते, आणि मग तुम्ही कमरेपर्यंत चिखलात उभे राहून एकमेकांचा उद्धार करत असता. आमच्या गाड्या हलक्या होत्या. टी-३४ रणगाडा तीस टनांच्या आसपास. आणि हे सगळं रात्री, शत्रूला पत्ता लागू न देता! कोरड्या लाकडावर कुऱ्हाड पडली तर रात्रीच्या शांततेत आवाज किती लांब जातो, ते ज्याने ऐकलंय त्याला या कामाची किंमत कळेल.

२४ जूनला हल्ला सुरू झाला. रोगाचेव्हच्या बाजूला गोर्बातोव्हची माणसं पहिल्या दिवशी अडखळली, तिथे जर्मन घट्ट बसले होते. दक्षिणेला बातोव्हने दलदलीतून फळी फोडली. म्हणजे एकच घाव घातला असता, तर तो नेमका जिथे अडखळला तिथेच घातला गेला असता. २७ ला बॉब्रुइस्कभोवती फास पडला, २९ ला शहर हातात आलं आणि त्याच दिवशी रोकोसोव्स्की मार्शल झाला. ३ जुलैला बेलारूसची राजधानी मिन्स्क. १७ जुलैला सत्तावन्न हजारांच्या आसपास जर्मन कैद्यांची मॉस्कोच्या रस्त्यांवरून धिंड निघाली.

आता खरं-खोटं. स्टॅलिनच्या खालोखालचा सेनापती मार्शल झुकोव्ह, त्याने आपल्या आठवणींत हा सगळा प्रसंग उडवून लावलाय. त्याच्या मते दोन घावांची योजना स्टॅलिनने २० मे रोजीच, म्हणजे फ्रंटचे सेनापती मॉस्कोत यायच्या आधीच, मान्य केली होती. वादाला जागाच नव्हती. दोन मार्शल, दोघेही त्या आखणीत, आणि सांगतायत एकमेकांच्या उलट.

माझं मत विचाराल तर खोलीबाहेर पाठवण्याचा प्रसंग थोडा रंगलेला असू शकतो. म्हातारपणी लिहिताना कोणाचा नाही रंगत? पण दोन घावांची कल्पना मॉस्कोच्या टेबलावर सुचलेली वाटत नाही. जिथे रणगाडा जाणार नाही असं नकाशावर छापलंय, तिथून तो जाईल हे सांगायला कोणीतरी त्या चिखलात काठी खुपसून पाहिलेली असावी लागते. ते काम फ्रंटवरच्या माणसांचं. त्यामुळे रोकोसोव्स्कीचं पारडं मला जड वाटतं. सॅपर आहे, पक्षपात गृहीत धरा.

राहिला तुमचा खरा प्रश्न, तुरुंगाचा. ऑगस्ट १९३७ मध्ये त्याला पकडलं. आरोप पोलंड आणि जपानसाठी हेरगिरीचा. पोलंड, कारण बाप पोलिश. जपान, कारण आधी बैकालपलीकडे नोकरी झालेली. पुरावा एवढाच! लेनिनग्राडच्या तुरुंगात चौकशी झाली. नऊ दात पाडले, बरगड्या मोडल्या, पायाच्या बोटांवर हातोडा चालवला, असं त्याच्या चरित्रांत येतं. बायको युलिया आणि लहान मुलगी अदा यांना राहतं गाव सोडावं लागलं. २२ मार्च १९४० ला सुटका झाली, ती युद्धाची चाहूल लागल्यावर अनेक अधिकाऱ्यांची झाली तशीच : हुद्दा परत, पक्षाचं सभासदत्व परत, जणू काही घडलंच नाही.

आणि त्यानेही तसंच वागायचं ठरवलं. त्याच्या आठवणी उघडा. सुरुवात होते १९४० च्या वसंतात : कुटुंबासोबत सोचीला जाऊन आलो, मग संरक्षणमंत्री तिमोशेन्कोंनी बोलावलं. सोची म्हणजे समुद्रकाठचं हवा पालटायचं गाव. त्याआधीची अडीच वर्षं गायब, एक ओळ नाही. सोव्हिएत छापखान्यात ती ओळ छापलीही गेली नसती, हे खरंच. पण एवढ्या जाड पुस्तकाची ती पहिली पानं वाचताना मी दर वेळी थबकतो. माणूस सुट्टीवरून आल्यासारखा कामावर रुजू होतो.

अशा माणसाने स्टॅलिनसमोर मान हलवत राहणं साहजिक होतं, असं तुम्ही म्हणता. कित्येकांनी हलवलीच. हा वेगळा का निघाला त्याचं मानसशास्त्र मला जमणार नाही. मात्र त्याची एक खोड मला ठाऊक आहे : जे सांगायचं, ते आधी स्वतः बघून यायचं. आणि ज्याने स्वतः बघितलंय त्याला "विचार करून या" म्हटलं, तरी तो नवा विचार आणणार कुठून?

या खोडीचा सगळ्यात चांगला नमुना १९४१ च्या उन्हाळ्यातला, स्मोलेन्स्कजवळच्या यार्त्सेवोचा. तेव्हा नियमावलीत खंदक नव्हते. एकेका सैनिकाने आपापला एकट्याचा खड्डा खणायचा, शेजाऱ्यापासून काही अंतरावर. कागदावर फायदा असा की एक तोफगोळा पडला तर एकच माणूस जातो. रोकोसोव्स्कीला दिसलं की गोळीबार वाढला की माणसं ढेपाळतायत. तेव्हा तो एका पुढच्या खड्ड्यापाशी गेला, तिथल्या सैनिकाला उठवलं आणि स्वतः आत जाऊन बसला. एकटाच.

त्याने नंतर लिहिलं ते साधारण असं : उजवीकडे डावीकडे माणसं आहेत हे मला माहीत होतं, पण मला ती दिसत नव्हती, ऐकू येत नव्हती. मी जुना सैनिक, पुष्कळ लढाया पाहिलेला, तरी त्या खड्ड्यात मला फार वाईट वाटलं. सारखं वाटत होतं, बाहेर पळावं आणि बघावं की शेजारचे अजून आहेत, की मला एकट्याला सोडून निघून गेलेत.

जनरल हे लिहितो! बाहेर आल्यावर त्याने खड्ड्यांऐवजी सलग खंदक खणायला लावले आणि वर तसं कळवलं. खंदकात माणूस शेजाऱ्याला बघतो, नायक माणसांपर्यंत पोचतो, जखमीला मागे नेता येतं, डबा येतो. चार साध्या गोष्टी, पण त्या कळायला खड्ड्यात उतरावं लागलं.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. पुस्तकात स्टालिनग्राड म्हटलं की चुइकोव्हचं नाव येतं. रोकोसोव्स्की तिथे नक्की कुठे होता? — एक विद्यार्थिनी

चुइकोव्ह शहराच्या आत, व्होल्गाच्या काठाला पाठ लावून लढत होता. रोकोसोव्स्की बाहेर, शहराच्या वायव्येला. सप्टेंबर १९४२ च्या अखेरीस त्याला दोन फ्रंट मिळाला. ('दोन' ही नदी आहे, आकडा नव्हे. मागे एकाने पेपरात 'दुसरा फ्रंट' लिहिलं होतं.) १९ नोव्हेंबरला वेढ्याचा हल्ला सुरू झाला त्यात त्याचा वाटा दुय्यम होता. पण वेढलेल्या जर्मनांचा निकाल लावायचं काम पुढे त्याच्याकडे आलं आणि १ जानेवारी १९४३ पासून चुइकोव्हची ६२ वी आर्मीही त्याच्याच हुकमाखाली आली. हे पुस्तकं सहसा सांगत नाहीत.

८ जानेवारीला शरणागतीचा निरोप गेला, नकार आला, १० ला तोफा सुरू झाल्या. गंमत आकड्यांची आहे. वेढ्यात ऐंशी-नव्वद हजार जर्मन असावेत असा सोव्हिएत अंदाज होता. होते अडीच लाखांच्या वर! ३१ जानेवारीला वेढलेल्या जर्मनांचा सेनापती पाउलुस पकडला गेला आणि त्याला रोकोसोव्स्की आणि तोफखान्याचा मार्शल वोरोनोव्ह यांच्यासमोर आणलं. एका साध्या घरातलं टेबल, दुभाषा शेजारी, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. २ फेब्रुवारीला उरलेले शरण आले. कैदी ९१ हजार.

प्रश्न : झुकोव्ह आणि रोकोसोव्स्की यांच्यात वैर होतं का? बर्लिनच्या तोंडाशी आलेला फ्रंट रोकोसोव्स्कीकडून काढून झुकोव्हला दिला, हा अन्याय नाही का? — एक वाचक

वैर हा शब्द मोठा झाला. जुनी ओळख आणि जुनी ठसठस म्हणा.

१९२४-२५ ला दोघे लेनिनग्राडला घोडदळाच्या वर्गात बरोबर शिकले. १९३० मध्ये रोकोसोव्स्की डिव्हिजन कमांडर होता आणि झुकोव्ह त्याच्या हाताखाली ब्रिगेड कमांडर. तेव्हा साहेबाने झुकोव्हबद्दल शेरा लिहिला : इच्छाशक्ती जबर, पण कचेरीच्या आणि शिकवण्याच्या कामावर याला पाठवू नका, त्याचा त्याला मनापासून तिटकारा आहे. इतका अचूक गोपनीय अहवाल मी माझ्या नोकरीत ना कोणाचा लिहिला, ना माझा कोणी लिहिला.

मग पारडं फिरलं. रोकोसोव्स्की तुरुंगातून आला तोवर झुकोव्ह वर निघून गेला होता. नोव्हेंबर १९४१ मध्ये मॉस्कोसमोर झुकोव्ह फ्रंट कमांडर, रोकोसोव्स्की त्याच्या १६ व्या आर्मीचा. जर्मन वोलोकोलाम्स्क रस्त्याने रेटत येत होते. रोकोसोव्स्कीचं म्हणणं, मागे इस्त्रा नदी आणि तिचा जलाशय आहे. थोडी माणसं ठेवून वेळेत त्यामागे सरकू, पाणी आपल्यासाठी लढेल. इथेच थांबलो तर जर्मन आम्हाला मोडतील आणि आमच्या खांद्यावर बसून पाणी ओलांडतील. झुकोव्ह म्हणाला, एक पाऊल मागे नाही.

रोकोसोव्स्कीने मग जे केलं ते कुठल्याही सैन्यात करू नये. त्याने वरच्याच्याही वरच्याला, सेनाप्रमुख शापोश्निकोव्हला, विचारलं. त्याने होकार दिला. हुकूम निघाले, आणि तेवढ्यात झुकोव्हची तार आली : फ्रंटच्या सैन्याचा सेनापती मी आहे, माघारीचा हुकूम रद्द. संपलं. पुढे जर्मनांनी रेटलंच आणि १६ वी आर्मी लढत, माणसं गमावत, मागे सरकली. सोव्हिएत काळात छापलेल्या त्याच्या आठवणींवर बरीच कात्री चालली होती. हा कडवटपणा नंतरच्या, न कापलेल्या आवृत्तीत नीट दिसतो. इस्त्राच्या बाबतीत मी रोकोसोव्स्कीच्या बाजूचा आहे, पण डोक्यावरून जाण्याच्या बाबतीत झुकोव्हच्या. माझ्या डोक्यावरून एकदा एक मेजर गेला होता, त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ४-५ जुलै १९४३ ची रात्र, कुर्स्क. रोकोसोव्स्कीकडे सेंट्रल फ्रंट. रात्री काही जर्मन पकडले गेले. सुरुंगांतून वाट काढायला आलेले सॅपर, आमच्याच जातीचे! त्यांनी सांगितलं, हल्ला पहाटे ३ ला. हातात तासाभराचा वेळ. खरं मानून तोफा आधीच डागल्या आणि बातमी खोटी निघाली, तर दारूगोळा वाया जाणार आणि तोफांच्या जागा उघड्या पडणार. मॉस्कोला विचारत बसायला वेळ नव्हता. झुकोव्ह तेव्हा वरून आलेला प्रतिनिधी म्हणून तिथेच होता आणि त्याने निर्णय रोकोसोव्स्कीवर सोडला. २ वाजून २० मिनिटांनी तोफा सुरू झाल्या. त्या माऱ्याने जर्मनांचं किती नुकसान झालं यावर इतिहासकार अजून भांडतात. पण त्याच्या समोरचे जर्मन पोनिरी आणि ओल्खोवात्का या गावांपाशी अडकले ते पुढे गेलेच नाहीत.

नोव्हेंबर १९४४ चा फोन त्यानेच लिहून ठेवलाय. स्टॅलिनने सांगितलं, तुम्ही दुसऱ्या बेलोरशियन फ्रंटवर जा, तुमच्या जागी झुकोव्ह. याने विचारलं, मुख्य दिशेवरून काढून दुय्यम जागी पाठवताय, माझ्यावर ही अवकृपा कशाबद्दल? उत्तर आलं की तिन्ही फ्रंट सारखेच महत्त्वाचे आहेत, तुम्ही आणि कोनेव्ह (शेजारच्या फ्रंटचा सेनापती) पुढे सरकला नाहीत तर झुकोव्हही सरकणार नाही. गोड बोलणं. बर्लिन पोलिश नावाच्या माणसाने घ्यावं असं स्टॅलिनला वाटत नव्हतं, असं पुष्कळ जण म्हणतात. शक्य आहे, पण तसा कागद माझ्या पाहण्यात नाही. रोकोसोव्स्की पूर्व प्रशिया, पोमेरेनिया करत ओडर ओलांडून गेला आणि मे १९४५ मध्ये विस्मारला ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीला भेटला. झुकोव्ह म्हणतो की त्या बदलीनंतर आमच्यातला जुना ओलावा राहिला नाही. अन्याय म्हणायचा तर म्हणा. माणूस मात्र नव्या फ्रंटवर जाऊन पहिल्याच दिवशी नकाशे मागत बसला असणार, याबद्दल मला शंका नाही.

प्रश्न : इतिहास शिकवते. वॉर्सा दोन महिने जळत होतं तेव्हा हे गृहस्थ नदीच्या अलीकडे सैन्य घेऊन बसले होते. त्यांचं कौतुक छापताना हे आठवतं का? — एक वाचक

आठवतं, बाई. टाळलं असतं तर तुमचं पत्र मी घेतलंच नसतं.

१ ऑगस्ट १९४४ ला पोलिश होम आर्मीने, म्हणजे तिथल्या भूमिगत सैन्याने, शहरात जर्मनांविरुद्ध उठाव केला, तो २ ऑक्टोबरला संपला. त्या दिवसांत रोकोसोव्स्कीचं सैन्य बेलारूसपासून शेकडो किलोमीटर धावून आलेलं, पेट्रोल आणि दारूगोळा मागे पडलेला. ऑगस्टच्या सुरुवातीला वॉर्साजवळच्या वोवोमिनच्या बाजूला जर्मन रणगाड्यांनी त्याच्या २ ऱ्या टँक आर्मीला जबर मार दिला. इथपर्यंत 'जमत नव्हतं' हे खरं आहे.

पण ८ ऑगस्टला झुकोव्ह आणि रोकोसोव्स्की या दोघांनी मिळून मॉस्कोला योजना पाठवली होती : तयारीला वेळ द्या, २५ ऑगस्टच्या सुमारास वॉर्सासाठी हल्ला सुरू करता येईल. ती योजना बाजूला राहिली. उठावाला मदत घेऊन येणाऱ्या दोस्तांच्या विमानांना आपल्या तळांवर उतरू द्यायलाही स्टॅलिनने ऑगस्टभर नकार दिला आणि उठाववाल्यांना गुन्हेगारांची टोळी म्हटलं. म्हणजे 'जमत नव्हतं' याच्यापुढे 'करायचं नव्हतं' सुरू होतं, आणि ते ठरत होतं मॉस्कोत. ऑगस्टच्या अखेरीस ब्रिटिश पत्रकार अलेक्झांडर वर्थने रोकोसोव्स्कीला याबद्दल विचारलं, तेव्हा त्याने उठावाची वेळच चुकली असं सांगितलं : आम्ही शहरात शिरण्याच्या बेतात असतो तरच त्याला अर्थ होता. लष्करी दृष्ट्या खोडता येत नाही असं उत्तर, आणि वाचायला नको वाटतं असंही.

हा तोच माणूस, जो दोन घावांवरून स्टॅलिनशी भांडला. इथे भांडल्याचं मला कुठे सापडलं नाही. हल्ला कसा करायचा यावर तो वाद घालू शकत होता. कोणाला वाचवायचं यावर घातला नाही.

आणि शहर परकं नव्हतं. पोरवयात तो वॉर्सात पाथरवटाकडे काम करायचा. विस्तुलावरचा पोनियातोव्स्की पूल बांधला जात होता, त्याच्या दगडांवर याने छिन्नी चालवल्याचं चरित्रांत सांगतात. बहीण हेलेना अजून त्याच शहरात होती. ऑगस्टच्या सुरुवातीला तो आपल्या अधिकाऱ्यांबरोबर कारखान्याच्या एका उंच धुराड्यावर चढला, तिथे निरीक्षणाची जागा केली होती. तिथून त्याला वॉर्सा दिसलं : धुराचे ढग, मधूनमधून जळणारी घरं. हे त्याने लिहिलंय. बहिणीचं नाव त्या जागी नाही.

सप्टेंबरात त्याचं सैन्य प्रागापर्यंत, म्हणजे नदीच्या अलीकडच्या वॉर्सापर्यंत, पोचलं. १४ तारखेला प्रागा घेतलं. आदल्याच दिवशी जर्मनांनी विस्तुलावरचे पूल उडवले, त्यात पोनियातोव्स्कीही गेला. मी जेवढे पूल बांधले त्यांतले बहुतेक तात्पुरते, काढून ठेवायचेच होते. पण पुलाचे दगड ज्याच्या हाताखालून गेलेत त्याने काठावर येऊन ते उभे खांब आणि पाण्यात पडलेल्या कमानी बघणं, याच्यावर मला काही लिहिता येत नाही. पुढच्या आठवड्यात सोव्हिएत बाजूने लढणाऱ्या बेर्लिंगच्या पोलिश आर्मीची माणसं होड्यांतून पलीकडे उतरली. फार मारली गेली आणि मागे आणावी लागली. बहीण जगली, नंतर भेटली.

प्रश्न : विजयाच्या परेडमध्ये त्याचा घोडा काळा होता की पांढरा? आणि तो पोलिश की रशियन? आमच्यात पैज लागलीय. — इयत्ता नववीतले दोघे

काळा. नाव 'पोल्युस'. पांढऱ्यावर झुकोव्ह होता, त्याच्या घोड्याचं नाव 'कुमीर'. २४ जून १९४५, लाल चौक. झुकोव्हने सलामी घेतली, रोकोसोव्स्कीने परेडची हुकूमत केली. पाऊस एवढा की विमानांचं उड्डाण रद्द करावं लागलं.

पोलिश की रशियन याला मात्र पैजेचे पैसे परत घ्या. बाप पोलिश रेल्वेवाला, आई रशियन साम्राज्यातली शिक्षिका. बापाचं नाव क्सावेरी. ते रशियनांना उच्चारायला जड, म्हणून बापाच्या नावाच्या जागी 'कॉन्स्टँटिनोविच' झालं. तरुणपणीच्या अर्जांत जन्मगाव वॉर्सा, नंतरच्या कागदांत रशियातलं वेलिकिये लुकी. दोनदा 'सोव्हिएत संघाचा वीर' झालेल्या माणसाचा ब्राँझचा अर्धपुतळा त्याच्या जन्मगावी उभारायचा नियम होता, आणि तो पुतळा वेलिकिये लुकीत उभा आहे. १९४९ मध्ये स्टॅलिनने त्याला पोलंडचा संरक्षणमंत्री करून वॉर्साला पाठवलं आणि तो पोलंडचाही मार्शल झाला. १९५६ मध्ये पोलंडने त्याला परत मॉस्कोला धाडलं.